कॅन थोची कोळंबी

२०२५ च्या मे महिन्यात हो चि मिन्ह शहरात वैशाख दिनाचा आंतरराष्ट्रीय सोहळा झाला. ६ ते ८ मे असे तीन दिवस आम्ही तेथे होतो. तो आटोपल्यावर आम्ही चौघी जणी बसने कॅन थोला गेलो. आमच्या दुभाषी मुलीचे माहेर तेथे आहे. "आईच्या हातचे जेवल्याशिवाय जायचे नाही," हा तिचा हट्ट.

वाटेत जिकडे तिकडे पाणी. मेकाँग नदी येथे अनेक फाटे फोडून समुद्राला मिळते. भाताची खाचरे, नारळी, कालवे आणि होड्या पाहून कोकणात आल्यासारखे वाटले. आणखी दक्षिणेला, का माउकडे, तिवरांच्या जंगलालगत कोळंबीची तळी आहेत.

घरी मुलीची आई दारातच उभी होती. माझे वय विचारले आणि मला 'चि हाय' म्हणू लागली. म्हणजे थोरली ताई. 'हाय' म्हणजे खरे तर दोन. पण दक्षिणेत घरातल्या थोरल्या लेकराला एक नव्हे, दोन नंबर देतात. तिकडे नुसते 'तू', 'तुम्ही' फारसे चालत नाही. नाते जोडूनच बोलायचे.

"पौर्णिमेला दोन दिवस आहेत, म्हणून आज कोळंबी," ती म्हणाली. चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी तेथील अनेक बौद्ध घरांत शाकाहार असतो.

तिने एका बाटलीचे बूच काढले आणि मी चमकले. हा तर सुकटीचा वास! ते होते 'नुओक माम', म्हणजे मासळीचे पाणी. तीन भाग बारीक मासळी, एक भाग मीठ. लाकडी पिंपात वर्षभर मुरते आणि खालून तांबूस रस निघतो. फु क्वोक बेटावरच्या या रसाच्या नावाला २०१२ साली युरोपीय संघाने कायद्याचे संरक्षण दिले.

मला माझी आई आठवली. वस्तीतून आम्ही सरकारी वसाहतीत राहायला आलो, तेव्हा सुकट भाजायच्या आधी ती खिडक्या लावून घ्यायची, दाराच्या फटीत फडके कोंबायची. शेजारी तोंडावर काही बोलत नसत. जिन्यात नाकाला पदर लावीत, एवढेच. आम्ही भावंडे शाळेत डब्यात काय आहे ते सांगत नसू.

येथे मात्र तोच वास ताटाच्या मधोमध मांडलेला. मोठ्या गोल ताटाभोवती सगळे बसले. मध्ये नुओक मामची एकच वाटी, सगळ्यांनी तीत बुडवून खायचे. कोळंबी खारट-गोड, म्हणून थोडक्या कालवणात भात पुष्कळ जातो. गरिबीच्या दिवसांत तर नुओक माम आणि साखर मातीच्या भांड्यात आटवून, त्यात जमल्यास मूठभर सोडे टाकून, उकडलेल्या भाजीबरोबर भात खात. त्याला 'खो क्वेत' म्हणतात. आता तेच हॉटेलात ऐटीत मिळते. मीठ-मिरची-सुकटीवर आपल्या आयांनी घरे चालवली, त्याहून हे वेगळे ते काय?

त्या बाईंनी शिकवलेली 'तोम रिम', म्हणजे आटवलेली कोळंबी, मी परतल्यावर घरी केली. ती अशी:

अर्धा किलो मध्यम कोळंबी घ्यावी. मिशा व पाय कात्रीने कापावेत. पाठीवर चीर देऊन काळा दोरा काढावा, पण कवच ठेवावे. कढईत चमचाभर तेल व दोन चमचे साखर मंद आचेवर ठेवावी. साखर विरघळून काळ्या गुळाच्या रंगाची झाली की लगेच ठेचलेला लसूण व बारीक चिरलेले छोटे कांदे घालावेत. येथे दुर्लक्ष झाले तर साखर जळून कडू होते. माझी पहिली खेप अशीच फेकली गेली. मग कोळंबी परतावी. रंग बदलला की दोन मोठे चमचे नुओक माम व अर्धी वाटी शहाळ्याचे पाणी घालून आच मोठी करावी. रस आटून कोळंबीला चिकटला की उतरवावे. जास्त शिजवल्यास चिवट होते. वेगळे मीठ नको. वरून भरपूर मिरपूड व कांद्याची पात. नुओक माम शहरातल्या मोठ्या दुकानांत 'फिश सॉस' या नावाने मिळते.

कढईत नुओक माम पडले तसा घरभर वास सुटला. सूनबाईने विचारले, "आई, खिडकी लावून घेऊ का?"

क्षणभर माझाही हात तिकडे गेला होता. म्हटले, "नको गं. राहू दे उघडी. पाने घे."