डिग्रीही हवी, ओळखही!

ग्रॅज्युएशन म्हटलं की काय आठवतं? गाऊन, चौकोनी टोपी, आईचे भरून आलेले डोळे आणि फोटो, फोटो, फोटो! मावसभावाच्या कॉन्व्होकेशनसाठी व्हँकूव्हरच्या युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियात, म्हणजे यूबीसीत गेले तेव्हा मीही कॅमेरा चार्ज करूनच निघाले होते.

पण या कॅम्पसवर एक गोष्ट लगेच जाणवते. इथले खरे यजमान आहेत मस्क्वीम लोक. कॅम्पस त्यांच्या जमिनीवर उभा आहे आणि ती त्यांनी कुठल्याही कराराने दिलेली नाही, हे युनिव्हर्सिटी स्वतःच जाहीरपणे सांगते. २०१८पासून रस्त्यांच्या पाट्यांवर इंग्रजीच्या जोडीला त्यांची हुन्कमिनम भाषाही आहे. वाचता येत नाही, पण बघून भारी वाटतं.

मेन मॉलवरून (शॉपिंगवाला मॉल नव्हे, कॅम्पसमधला झाडांचा लांबलचक रस्ता!) दक्षिणेकडे चालत गेलं, की मात्र गप्पा थांबतात. समोर असतो ५५ फुटी रिकन्सिलिएशन पोल. हैडा शिल्पकार जेम्स हार्ट यांनी ८०० वर्षांच्या लाल सीडरमधून तो कोरला आणि १ एप्रिल २०१७ला तो उभा राहिला. मधोमध आहे एक शाळा, निवासी शाळा. सरकार आणि चर्चने मिळून चालवलेल्या अशा शाळांमध्ये सुमारे दीड लाख मूलनिवासी मुलांना ठेवलं गेलं. स्वतःची भाषा बोललं की शिक्षा! या शाळा १९९०च्या दशकापर्यंत चालू होत्या.

आणि कॉलेजचं काय? १८७६च्या इंडियन अ‍ॅक्टमध्ये चक्क असं कलम होतं, की युनिव्हर्सिटीची डिग्री मिळवली की कायद्याच्या लेखी तो माणूस ‘इंडियन’ राहणार नाही. डिग्री घ्या, ओळख द्या!

म्हणूनच इथल्या लाँगहाउसमधला सोहळा मला जास्त मोठा वाटतो. सीडरच्या भल्याथोरल्या ओंडक्यांची ही वास्तू १९९३ची. मुख्य कॉन्व्होकेशनशिवाय मूलनिवासी पदवीधरांचं खास कौतुक इथे होतं, घरच्यांसमोर आणि वडीलधाऱ्यांसमोर. डिग्री घेऊन आपल्या माणसांतून उठून जायचं नाही, त्यांच्यातच परत यायचं!

९ एप्रिल २०१८ला यूबीसीच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी या व्यवस्थेतल्या युनिव्हर्सिटीच्या वाट्याबद्दल माफी मागितली. त्याच दिवशी निवासी शाळांच्या इतिहासाचं केंद्रही कॅम्पसवर सुरू झालं. माफीने सगळं मिटतं का? अर्थातच नाही. ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन कमिशनने २०१५मध्ये तब्बल ९४ कामांची यादी दिली. कमिशनचे अध्यक्ष मरे सिंक्लेअर म्हणायचे, की शिक्षणानेच हा गुंता केलाय, आता शिक्षणच तो सोडवेल.

व्हँकूव्हरला गेलात, तर बीच आणि डोंगर बघाच. पण एक तास या पोलसाठी ठेवा. जवळ जाऊन त्यावरचे तांब्याचे खिळे बघा. हजारो आहेत. त्या शाळांतून घरी न परतलेल्या मुलांसाठी ते ठोकलेत. त्या मुलांच्या ग्रॅज्युएशनचा फोटो कुणाकडेच नाही.