तिसरे विघ्न

अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त रसप्रतीतीच्या मार्गातील सात विघ्ने सांगितली आहेत. एम. ए. च्या वर्गाला भारतीय साहित्यशास्त्र शिकवताना ती दर वर्षी या विघ्नांपाशी थोडी अधिक रेंगाळत असे. आणि तिसऱ्या विघ्नाचे, म्हणजे 'निजसुखादिविवशीभावा'चे, उदाहरण तिच्यापाशी ठरलेले होते. घरी आजारी माणूस ठेवून नाटकाला आलेला प्रेक्षक. त्याचे डोळे रंगमंचाकडे असतात, चित्त मात्र औषधाच्या वेळेत अडकलेले असते. स्वतःच्या सुखदुःखाने विवश झालेल्या अशा माणसाला रसास्वाद घडत नाही, असे ती सांगे आणि विद्यार्थी ते उतरवून घेत. या विघ्नांवर अभिनवगुप्ताने उपायही सांगितले आहेत. परंतु तोवर तासाची वेळ संपत आलेली असे. 'उपाय तुम्ही वाचून घ्या,' असे म्हणून ती वही मिटत असे. पंचवीस वर्षांत या क्रमात कधी बदल झाला नाही.

२०२१ च्या पावसाळ्यात तिची आई पाच आठवडे अंथरुणाला खिळून होती. दिवसा माणसांची ये-जा असे. रात्री दोघीच असत आणि दोघींनाही झोप नसे. अशाच एका रात्री आई म्हणाली, "गा ना गं काहीतरी." संगीत नाटकांतील पदांच्या रचनेवर तिने निबंध लिहिले होते; शाळेनंतर गायली मात्र ती कधी नव्हती. आपला आवाज आपल्यालाच ऐकवत नाही, या जुन्या संकोचाने तिने मोबाइल काढला आणि श्रवणयंत्राचे एक टोक आईच्या कानाला लावले.

"कुठली भाषा ही?"

"कोरियन."

"काय म्हणतेय ती?"

"मला नाही कळत, आई."

"राहू दे मग. बरं वाटतंय."

ते गाणे 'बाम-प्योन्जी' होते. या शब्दाचा अर्थ 'रात्रीचे पत्र'. २०१७ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या या गीताचे शब्द गायिकेनेच लिहिले आहेत. जिला स्वतःला झोप येत नाही तिने दुसऱ्याला सुखाची झोप चिंतावी, असा त्याचा आशय आहे. हे तिला पुढे, अनुवाद वाचल्यावर, कळले. तोपर्यंत आई गेली होती.

आययू या नावाने गाणाऱ्या ली जी-उन या गायिकेचा परिचय तिला अभिनेत्री म्हणून आधी झाला होता. २०२० च्या टाळेबंदीत तिने 'माय मिस्टर' ही २०१८ सालची सोळा भागांची मालिका पाहिली होती. आजारी, बहिऱ्या आजीला सांभाळणारी एक कर्जबाजारी मुलगी त्यात होती. ती भूमिका करणारी नटी मुळात गायिका आहे, पंधराव्या वर्षी, म्हणजे २००८ साली, तिने पहिले गाणे प्रसिद्ध केले आणि २०१० साली 'गुड डे' या गाण्यातील तीन पायऱ्यांनी चढणाऱ्या स्वराने ती कोरियाभर पोचली, हे सारे मालिकेनंतर उमगत गेले. कोरियन लोकप्रिय संगीताचा अलीकडचा इतिहास बहुतांशी गटांचा इतिहास आहे. १९९२ चे 'सो थायजी अँड बॉइज', १९९६ चे 'एच. ओ. टी.' आणि त्यांच्यामागून आलेले अनेक. त्यात एकटीने उभी राहून, स्वतःची गीते स्वतः लिहिणाऱ्या या मुलीविषयी एका प्राध्यापिकेला कुतूहल वाटावे, हे शास्त्राला धरून होते. परंतु कुतूहलाचे पर्यवसान तिकिटात झाले, तेव्हा शास्त्राचा आधार सुटला. २०२४ सालच्या तिच्या जागतिक दौऱ्यात भारतातील एकही शहर नव्हते. सिंगापूर होते. एप्रिलमधील उत्तरपत्रिकांच्या तपासणीत खंड पाडून तिने रजेचा अर्ज केला आणि कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' असे लिहिले. विभागात कोणालाही तिने खरे सांगितले नाही. चोपन्नाव्या वर्षी 'फॅन' हा शब्द स्वतःला लावून घेणे तिला जमत नव्हते. 'रसिक' म्हणावे तर तोही शब्द खोटा ठरत होता. कारण रसिकाला भाषा कळावी लागते.

भाची सिंगापुरातच नोकरीला होती. "मावशी, तू खरंच फक्त ह्यासाठी आलीस?" असे तिने विमानतळावर विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता बॅग उचलली.

सिंगापूर इनडोअर स्टेडियम ही इमारत जपानी वास्तुरचनाकार केन्झो तांगे यांनी रचलेली असून ती १९८९ साली खुली झाली. कल्लांगच्या पाण्याकाठी उभ्या असलेल्या या मंडपात सुमारे बारा हजार माणसे बसतात. २० एप्रिलच्या संध्याकाळी त्या माणसांच्या रांगेत उभी असताना तिला आपली सात विघ्ने एकामागून एक आठवू लागली, आणि त्यांतील निदान तीन आपण स्वतःच बरोबर आणली आहेत, असे तिच्या ध्यानात आले.

पैकी चौथे विघ्न 'प्रतीत्युपायवैकल्य', म्हणजे प्रतीतीच्या साधनांची उणीव. तिला कोरियन येत नव्हते. तिने काही गाण्यांचे शब्द देवनागरीत उतरवून घेतले होते. पण 'अ' आणि 'ओ' यांच्या मधला जो एक स्वर त्या भाषेत पुनःपुन्हा येतो, तो देवनागरीत कुठेच बसत नव्हता. वहीत त्या ठिकाणी तिने प्रत्येक वेळी वेगळी खूण केली होती.

दुसरे विघ्न अधिक अवघड होते. रंगमंचावरील भावना 'माझी', 'त्याची', 'अमुक काळची', 'अमुक स्थळची' असे वाटणे, हे ते विघ्न. ते टळावे म्हणून नाट्यात पूर्वरंग असतो. मुकुट आणि वेष नटाचे नटपण झाकून टाकतात. येथे सारा व्यवहार याच्या उलट होता. गायिकेने कोणाचीही भूमिका घेतलेली नव्हती. ती 'स्वतः' म्हणूनच गात होती. २०१५ मधील 'तेवीस' आणि २०१७ मधील 'पॅलेट' या गाण्यांत तिने आपले चालू वय गायले आहे. १९९३ साली जन्मलेल्या मुलीचे ते वय कोरियन गणनेचे, म्हणजे जन्मतःच एक वर्ष धरणारे. २०२३ च्या जूनमध्ये कोरियाच्या कायद्याने ती गणना शासकीय व्यवहारातून काढून टाकली. गाण्यांत ती राहिली आहे. चाहत्यांना ही तारीख, ही वर्षे, ही वये तोंडपाठ असतात. साधारणीकरणाने जे विशेष गळून पडायला हवेत, त्यांचीच येथे निगुतीने जपणूक होते. त्यामागे एक उद्योग उभा आहे, हे ती जाणून होती. अडोर्नोने लोकप्रिय संगीतावर जे आक्षेप घेतले ते तिने वर्गात शिकवले होते, आणि रांगेत उभे राहून त्यांतील एकही तिला खोडता येत नव्हता.

आत गेल्यावर या आक्षेपांना एक दृश्य रूपच मिळाले. प्रत्येकाच्या हातात एक दिवा होता. हे दिवे आसनक्रमांकाशी जोडलेले असतात आणि त्यांचे रंग एका मध्यवर्ती यंत्रणेतून बदलले जातात. दिवा प्रेक्षकाच्या हातात असतो, रंग मात्र त्याच्या हातात नसतो. तिच्या शेजारच्या आसनावरील मुलीने तिचा दिवा जोडून दिला. "पहिल्यांदाच का, आंटी?" असे तिने विचारले; सिंगापुरात कोणीही कोणालाही 'आंटी' म्हणते. मग तिने एक छापील कागद पुढे केला. कोणत्या गाण्यात, कोणत्या ओळीनंतर, प्रेक्षकांनी काय म्हणायचे ते त्यावर दिलेले होते. अशा पुकाऱ्यांची पद्धत कोरियन संगीतात रूढ आहे. उत्स्फूर्ततेचीही संहिता असू शकते, ही गोष्ट एका समीक्षिकेला हसू आणणारी होती. तिला हसू आले नाही. वारकऱ्यांच्या दिंडीतही टाळ कुठे पडायचा ते ठरलेलेच असते, हे तिला आठवले. पण ही तुलना फार सोयीची आहे असे वाटून तिने ती तेथेच सोडून दिली.

कार्यक्रम सुरू झाला आणि पहिला तास ती केवळ निरीक्षण करीत राहिली. आवाज ध्वनिमुद्रणातल्यापेक्षा किंचित जाड होता. दोन गाण्यांच्या मध्ये गायिका बराच वेळ बोलत होती. चाहत्यांच्या समूहाला 'युएना' असे नाव आहे. त्या शब्दात 'तू', 'प्रेम' आणि 'मी' यांना एकत्र गोवले आहे. त्या नावाने हाक आली की बारा हजार माणसे ओ देत. तिला ओ देता आली नाही. आपण येथे आईसाठी आलो आहोत आणि आई येथे नाही, एवढेच तिला स्पष्टपणे जाणवत होते. तिसरे विघ्न आपल्या जागी पक्के बसले होते.

मग मंच अंधारला. गायिका आत गेली. कार्यक्रम संपला असे वाटून तिने पर्स उचलली, तेव्हा शेजारच्या मुलीने तिच्या हातावर हात ठेवला. या गायिकेच्या कार्यक्रमांत पुन्हा बोलावण्याचा प्रकार साधा नसतो. 'ऍंगकोल' म्हणजे पुनर्मागणी. तीही संपल्यावर जी दुसरी मागणी होते तिला चाहत्यांनी 'ऍंग-ऍंगकोल' असे नाव दिले आहे. संगीत नाटकाच्या 'वन्समोअर'ची कथा आईकडून ऐकत वाढलेल्या मुलीला हे नवे नव्हते. नवे होते ते पुढचे. 'वन्समोअर'साठी प्रेक्षक ओरडतो, टाळ्या वाजवतो. येथे रिकाम्या मंचासमोर प्रेक्षक स्वतःच गाऊ लागले.

वाद्य नव्हते, प्रकाश नव्हता. आवाज सुरात होते असेही नाही. जी समोर नाही तिला बोलावण्यासाठी बारा हजार माणसे गात होती. काही वेळाने तिच्या लक्षात आले की वहीतील त्या न बसणाऱ्या स्वरासकट आपणही गात आहोत. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. कंठातील कंप तेवढा जाणवत होता. "गा ना गं काहीतरी," या मागणीला तीन वर्षांनी, परक्या देशात, न कळणाऱ्या भाषेत दिलेले ते उत्तर होते. ज्याने मागितले त्याला ते पोचणार नव्हते. शेजारच्या मुलीने कागदी रुमालाचे पाकीट न बोलता तिच्या मांडीवर ठेवले, तेव्हा आपण रडत आहोत हे तिला समजले.

२० फेब्रुवारी २०२४ रोजी प्रसिद्ध झालेल्या 'द विनिंग' या संग्रहातील शेवटच्या गाण्याचे नाव 'क्वानगेगी त्वेलगे' असे आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'मी प्रेक्षक होईन'. मंचावर उभी असलेली व्यक्ती समोरच्यांना हे आश्वासन देते. रिकाम्या मंचासमोरच्या त्या मिनिटांत तिला या नावाचा अर्थ लागला: गाणारे कोण आणि ऐकणारे कोण, ही वाटणी काही काळापुरती उलट झाली होती.

हा रसानुभव होता काय? परतीच्या विमानात तिने हा प्रश्न शिस्तीने विचारून पाहिला. शास्त्राच्या काटेकोर अर्थाने उत्तर नकारार्थी येत होते. तिचा शोक शोकच राहिला होता; त्याचा करुणरस झाला नव्हता. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त कलाव्यवहार द्विध्रुवात्मक असल्याचे प्रतिपादन केले आहे. त्यातील लौकिकतेचा ध्रुव तिने आजवर परीक्षेपुरता शिकवला आणि स्वतः अलौकिकतेच्या ध्रुवाशी राहिली. त्या रात्री जे घडले ते निःसंशय लौकिक होते.

परंतु घरी आल्यावर तिने जो भाग विद्यार्थ्यांवर सोपवला होता तो स्वतः पुन्हा वाचला. तिसऱ्या विघ्नावर अभिनवगुप्ताने सांगितलेला उपाय असा: गीत, वाद्य, नानाविध शोभेचा मंडप. यांच्या योगे स्वतःच्या सुखदुःखात बुडालेला मनुष्यही, फार काय अहृदय मनुष्यही, निर्मळ हृदयाचा होऊन सहृदय होतो. म्हणजे विवश प्रेक्षकाला दाराबाहेर ठेवावे असे त्याने कोठेही म्हटलेले नाही. त्याला आत आणण्याची जबाबदारी त्याने मंडपावर टाकली आहे. आणि खुद्द भरताने पहिल्याच अध्यायात नाट्याचे प्रयोजन सांगताना दुःखाने, श्रमाने, शोकाने पीडलेल्यांना विश्रांती देणे हे सांगितले आहे. शोकार्त माणूस हा या शास्त्राला अपवाद नव्हता; त्याच्यासाठीच ते सुरू झाले होते. ही दोन्ही स्थळे तिने पंचवीस वर्षे शिकवली होती, वेगवेगळ्या तासांना.

जूनमध्ये नवे वर्ग सुरू झाले. सात विघ्नांच्या तासाला तिने तिसऱ्या विघ्नाचे उदाहरण तेच दिले: घरी आजारी माणूस ठेवून नाटकाला आलेला प्रेक्षक. मग ती थांबली. तास संपायला दहा मिनिटे होती. "आता उपाय घेऊ," ती म्हणाली.