अभ्यासदौऱ्यात काय पाहावे?

नेदरलँड्समधील वेस्प येथे होगेवेक नावाची एक वस्ती आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी ती 2009 मध्ये सुरू झाली. ती पाहण्यासाठी देशोदेशीची मंडळी अभ्यासदौऱ्यावर येतात. सहा-सात जणांचे एकेक घर, घरातच शिजणारा स्वयंपाक, वस्तीतच किराणा दुकान आणि नाट्यगृह. परिचारिकांच्या अंगावर गणवेशसुद्धा नाही.

ग्रंथालयात हे वाचले तेव्हा मला प्रथम फारसे नवल वाटले नाही. घरचे अन्न, ओळखीची माणसे, मोकळे अंगण हे आमच्या आजीलाही आहेच की! ती मला काकांच्या नावाने हाक मारते, जेवण झाल्यावरही ताट मागते; पण तिला कोणी रोगी म्हणत नाही. मग तिकडच्यांनी नवे ते काय केले?

विचार करता करता आईकडे लक्ष गेले. आजीमागे दिवसरात्र धावणारी ती एकटीच. त्यापायी गेल्या वर्षी तिने शेतमजुरी सोडली. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि माझी पहिल्या वर्षाची फी त्याच मजुरीतून भरली होती. आम्ही याला 'सेवा' म्हणतो आणि मोकळे होतो. तिकडे हेच काम शिकलेली, पगारी माणसे पाळीपाळीने करतात. बराचसा खर्च सक्तीच्या विम्यातून भागतो; अशा विम्याची सोय त्या देशात 1968 पासून आहे.

मित्रहो, दौऱ्यावर जाणाऱ्यांनी नाट्यगृह जरूर पाहावे. पण परिचारिकांचे हजेरीपत्रक आणि पगारपत्रक त्याआधी पाहावे. आणि सेवेपायी किती जणींची मजुरी बुडते, हे पाहायला एक दौरा आपल्या गावांतूनही काढावा. त्याला पासपोर्ट लागणार नाही.