चिमणीतला धूर किती जोरात पळतो?

ताडोब्याचे वाघ बघायला मोहर्लीकडे कधी गेला असाल, तर चंद्रपूर सोडताना ऊर्जानगरच्या उंचच उंच चिमण्या तुम्हाला दिसल्याच असतील. इथलं महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचं. कोळसा जळतो, वीज होते आणि गरम वायू चिमणीवाटे वर जातो. त्याच्याबरोबर थोडी राखही जातेच.

ही राख रोज किती जाते, हा आम्हा चंद्रपूरकरांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या कुठल्याही आजीला विचारा! पण एका घनमीटर वायूत किती राख आहे, एवढं कळून भागत नाही. असे किती घनमीटर दर सेकंदाला निसटतात, तेही कळायला हवं. म्हणजे आधी वायूचा वेग मोजायला हवा.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, भिरभिरं लावा! कोळशाच्या खाणीत वारा मोजायला खरंच तसलं यंत्र वापरतात. पण चिमणीतला वायू शंभर अंशांहून तापलेला, वर राखेनं भरलेला. तिथं भिरभिरं किती वेळ टिकणार?

यावरची युक्ती जुनी आहे. १७३२ साली पितो नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं पॅरिसच्या सीन नदीत एक वाकवलेली काचेची नळी बुडवली, तोंड प्रवाहासमोर धरून. पाणी नळीत वर चढलं. प्रवाहाला जोर जास्त, तर पाणीही जास्त वर. नदी खोलात जास्त वेगानं वाहते अशी तेव्हा समजूत होती, तीही या नळीनं खोटी ठरवली!

चिमणीत अशा दोन नळ्या पाठीला पाठ लावून घालतात. एकीचं तोंड वायूसमोर, दुसरीचं उलट दिशेला. तोंडं मुद्दाम रुंद, म्हणजे राखेनं बुजत नाहीत. दोन्हींच्या दाबातल्या फरकावरून वेग काढतात. हा फरक असतो अगदी चिमुकला. साधी हवा सेकंदाला १० मीटर वेगानं वाहत असेल, तर साध्या पिटो नळीत पाणी जेमतेम ६ मिलिमीटर चढतं. वेग दुप्पट झाला की मात्र १२ नाही, २४!

आता खरी मेख. पावसाळ्यात इरई नदीत दोन पानं सोडून बघा, एक मधोमध, एक काठाशी (पुलावरून हं, पाण्यात उतरून नाही). मधलं केव्हाच पुढे जातं. चिमणीतही तसंच. म्हणून गोल चिमणीत एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन रेषांवर, ठरलेल्या अनेक जागी नळी सरकवत मोजावं लागतं. कंटाळवाणं काम, पण टाळून चालत नाही. का, ते हिशेबातच बघा.

समजा, चिमणीचं तोंड ४० चौरस मीटर आणि वायूचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटर. म्हणजे सेकंदाला ६०० घनमीटर वायू. घनमीटरमागे १०० मिलिग्रॅम राख धरू. जुन्या संचांना २०१५च्या केंद्रीय नियमांनी हीच मर्यादा घातली. तापमानाची दुरुस्ती तूर्त सोडून देऊ. सेकंदाला ६० ग्रॅम, दिवसाला ५१८४ किलो!

आणि कुणी फक्त काठाजवळ मोजून वेग १२ लिहिला तर? कागदावरची राख किती किलोंनी घटेल, तुम्हीच काढा. उत्तर एक टनाहून थोडं जास्त यायला हवं.