एका गहाळ विमानाच्या निमित्ताने

॥ श्री ॥

देवणी, जि. लातूर

चि. माधव यास,


तुझे पत्र पोचले. मुंबईच्या विमानतळावर सुरक्षेच्या कामी तुझी नेमणूक होऊन तू आता तेथे रुळलास, हे वाचून घरातील सर्वांस संतोष वाटला. परंतु पत्राच्या उत्तरार्धात तू जो प्रश्न घातला आहेस, त्यास दोन ओळींचे उत्तर धाडणे मला प्रशस्त वाटले नाही. रात्रपाळीच्या विसाव्यात २०१४ साली गहाळ झालेल्या मलेशियाच्या विमानावरून तुम्हा सोबत्यांत वाद माजतो, कोणी वैमानिकास दोष देतो, कोणी महासत्तांचे कारस्थान सांगतो, आणि अखेरीस सारेच खिन्न होऊन म्हणतात की, एवढे अजस्र विमान जर नाहीसे होऊ शकते, तर आपण दिवसभर लोकांचे कमरपट्टे उतरवून साधतो तरी काय? ज्याची सारी नोकरी तहसील कचेरीत अर्ज, जबाब आणि पंचनामे यांत गेली, त्याने विमानविद्येविषयी अधिकारवाणीने बोलू नये हे खरे. तथापि चौकशी आणि आवई यांतील अंतर त्या दफ्तरात बसून मी पुष्कळ जवळून पाहिले आहे, आणि तुझ्या प्रश्नाचे मर्म मला त्याच अंतरात दिसते.

प्रथम जे निर्विवाद आहे ते मांडतो. ८ मार्च २०१४ रोजी मध्यरात्रीनंतर क्वालालंपूरहून बीजिंगकडे निघालेल्या त्या बोइंग ७७७ विमानात २२७ प्रवासी व १२ कर्मचारी मिळून २३९ माणसे होती. त्या प्रवाशांत पाच भारतीय होते. १ वाजून १९ मिनिटांनी विमानातून नियंत्रकास शुभरात्रीचा अखेरचा शब्द आला, दोनच मिनिटांत नागरी रडारच्या पडद्यावरून त्याची खूण पुसली गेली, लष्करी रडारवर ते उलट फिरून अंदमानच्या समुद्राकडे जाताना उमटले, आणि त्यानंतर एका उपग्रहाशी त्याचे जे मूक संकेत अधूनमधून होत राहिले, तेही सकाळी ८ वाजून १९ मिनिटांनी कायमचे थांबले. त्या संकेतांच्या गणितावरून ते दक्षिण हिंदी महासागरात कोसळले असावे असा निष्कर्ष निघाला. जुलै २०१५मध्ये रियुनियन बेटाच्या किनाऱ्यास त्याच्या पंखाचा एक भाग लागला. समुद्राचा सुमारे १,२०,००० चौरस किलोमीटर तळ धुंडाळून जानेवारी २०१७मध्ये शोध स्थगित झाला. आणि जुलै २०१८च्या अहवालाने, विमान नाहीसे होण्याचे कारण निश्चितपणे सांगता येत नाही, असे लिहून दिले. यापलीकडे तुम्ही मंडळी जे काही बोलता तो तर्क आहे, आणि तर्कास तर्क म्हणूनच वागविले पाहिजे.

असे असता पहिल्या पंधरवड्यात जगाने काय केले ते आठवून पाहा. लक्षावधी लोक घरबसल्या उपग्रहाची छायाचित्रे चाळू लागले. समुद्रावर दिसलेला तेलाचा तवंग विमानाच्या इंधनाचाच, असे घोषित होऊन गेले आणि तपासणीअंती ते जहाजाचे तेल निघाले. क्वालालंपूरच्या विमानतळावर एक मांत्रिक नारळ व बांबूची दुर्बीण घेऊन बसला, त्याची सर्वत्र चेष्टा झाली. मला मात्र त्या मांत्रिकाची चेष्टा करणाऱ्यांचीच अधिक मौज वाटते. कारण दूरचित्रवाणीच्या पडद्यावर रोज नवा नकाशा मांडून विमान या वा त्या धावपट्टीवर उतरविणारे पंडित त्याच्याहून कोणत्या अर्थाने निराळे होते? नारळवाल्याने निदान कोणाही जिवंत वा मृत माणसावर आळ घेतला नव्हता.

आळ ज्यांच्यावर आला, त्यांची हकीकत तुझ्या खात्याशी थेट संबंधित आहे. प्रवाशांच्या यादीची छाननी होताच असे आढळले की, एका इटालियन आणि एका ऑस्ट्रियन गृहस्थाच्या नावावरील दोन आसनांवर भलतेच दोघे बसले होते. ही दोन्ही पारपत्रे पूर्वी थायलंडमध्ये चोरीस गेलेली होती. एवढे कळताच जगभर एकच निर्णय झाला: हेच ते दहशतवादी. काही दिवसांत शहानिशा झाली, तेव्हा ते दोन इराणी तरुण निघाले. त्यांतील धाकटा आपल्या आईकडे जर्मनीस निघालेला होता, आणि दोघेही युरोपात आश्रय मागू इच्छिणारे, परागंदा जीव असून त्यांचा कोणत्याही दहशती टोळीशी संबंध आढळला नाही. संशय खोटा ठरला. परंतु त्या संशयाने उघडी पाडलेली उणीव अगदी खरी होती. आंतरराष्ट्रीय पोलीस संघटनेच्या चोरीस गेलेल्या व हरवलेल्या पारपत्रांच्या दफ्तरात तेव्हा ४ कोटींच्या वर नोंदी होत्या, ही दोन्ही पारपत्रे त्या नोंदींत होती, आणि तरीही विमानात चढू देण्यापूर्वी ते दफ्तर कोणी उघडून पाहिले नाही. म्हणजे ज्या माणसांना जगाने दहशतवादी ठरविले ते तसे नव्हते, आणि ज्या शिरस्त्याकडे कोणाचे लक्षच नव्हते तो सदोष होता.

ही मनुष्यस्वभावाची जुनी खोड आहे. आपल्याकडे बाजाराच्या आदल्या रात्री एखाद्याचा देवणी बैल दावणीवरून नाहीसा झाला, म्हणजे सांजेला गावाबाहेर पाल ठोकून उतरलेल्या भटक्या बिऱ्हाडाकडे सारा गाव काठ्या घेऊन धावे; खुंटा सैल होता की काय, हे पाहावयास मात्र कोणासही सुचत नसे. या वृत्तीस ब्रिटिश सरकारने १८७१ साली कायद्याचेच रूप दिले, जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार म्हणून नोंदविल्या, आणि ते कलंकित विधान रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. परक्या माणसावर बोट ठेवले की, आपल्या व्यवस्थेची झडती घेण्याचे कष्ट वाचतात. आवईचे सारे आकर्षण या सोयीत आहे.

आपल्या देशाच्या विमानांचा इतिहास पाहिलास, तर हेच पुनःपुन्हा दिसेल. २४ जानेवारी १९६६ रोजी, ज्या दिवशी इंदिरा गांधींनी प्रधानमंत्रिपदाची शपथ घेतली त्याच दिवशी, मुंबईहून लंडनकडे निघालेले ‘कांचनजंगा’ विमान आल्प्समधील माँ ब्लांवर आदळले, आणि ११७ जणांत अणुशास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा गेले. प्रधानमंत्री लाल बहादूर शास्त्रीजींच्या निधनास दोन आठवडेही लोटले नव्हते. घातपाताची वदंता उठली, आणि आजही ती वदंता अधूनमधून ताजी होते. फ्रेंच चौकशीस मात्र असे आढळले की, विमानातील दिशादर्शक ग्राहकयंत्रांपैकी एक नादुरुस्त होते, आणि नियंत्रकाने विमानाचे स्थान सांगितले तेव्हा वैमानिकाचा असा समज झाला की आपण ते शिखर ओलांडले आहे. पुढे १ जानेवारी १९७८च्या रात्री सांताक्रूझहून दुबईस निघालेले ‘एम्परर अशोक’ अवघ्या दीडएक मिनिटात वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळून २१३ माणसे बुडाली, तेव्हाही पहिला शब्द घातपाताचाच निघाला. आणि चौकशीअंती ठरले ते असे की, कप्तानापुढील कल दाखविणारे यंत्र बिघडून विमान उजवीकडे झुकल्याचे दाखवीत राहिले, आणि काळ्या समुद्रावर क्षितिज दिसत नसल्यामुळे कप्तान विमान डावीकडे वळवीत गेले. दोन्ही ठिकाणी आपण मनात एक खलपुरुष उभा केला होता, आणि दोन्ही ठिकाणी मृत्यू आला तो एका बिघडलेल्या उपकरणाच्या आणि मनुष्याच्या भाबड्या विश्वासाच्या वाटेने.

यावरून घातपात कधी होतच नाही असे जर तू समजशील, तर ती दुसऱ्या टोकाची भूल होईल. ११ एप्रिल १९५५ रोजी इंडोनेशियातील बांडुंग परिषदेस निघालेल्या चिनी प्रतिनिधींना घेऊन एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हाँगकाँगहून उडाले. चीनचे प्रधानमंत्री चाऊ एन लाय त्यातून जातील अशी हत्या योजणाऱ्यांची अटकळ होती, आणि ते त्या विमानात चढले नाहीत. आकाशात स्फोट होऊन पंख पेटला, कप्तान जटार यांनी धुराने कोंडलेले विमान समुद्रावर उतरविण्याची पराकाष्ठा केली, हवाई सेविका ग्लोरिया बेरी यांनी अखेरपर्यंत प्रवाशांना तरंगण्याची जाकिटे दिली, आणि १९ जणांपैकी १६ जण गेले. तासनतास पोहून जे तिघे वाचले, त्यांत देखभाल अभियंते अनंत कर्णिक होते. त्यांनी पुढे त्या प्रसंगावर पुस्तक लिहिले. इंडोनेशियाच्या चौकशी मंडळास अवशेषांत घड्याळी यंत्राचे जळालेले, पिळवटलेले तुकडे सापडले, म्हणून बाँब सिद्ध झाला. आणि ज्याच्यावर आरोप ठेवला गेला तो इसम प्रवासी नव्हता, परका नव्हता, तो हाँगकाँगच्या विमानतळावर विमानांच्या देखभालीचे काम करणाऱ्या कंपनीचाच कामगार होता. तो तैवानला पळाला, त्यास परत देण्याची मागणी नाकारली गेली, आणि त्याच्यावर कधीच खटला उभा राहिला नाही. पहारा बाहेरच्याला अडवितो. ज्याच्या अंगावर गणवेश आहे आणि ज्याची मुद्रा रोजच्या परिचयाची आहे, त्याला तो वाट मोकळी करून देतो. तुझ्या विमानतळावर झाडूवाल्यापासून अभियंत्यापर्यंत प्रत्येकाच्या ओळखपत्राची आणि झडतीची जी सक्ती आहे, ती कोणाला अपमानास्पद वाटली, तर त्यास ही हकीकत सांग.

दुसरे उदाहरण याहून दारुण आहे. २३ जून १९८५ रोजी कॅनडाहून लंडन, दिल्ली करीत मुंबईस यावयाचे एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ रडारवरून एकाएकी नाहीसे झाले आणि ३२९ माणसे प्राणांस मुकली. ज्या पेटीत बाँब होता ती व्हँकुव्हरला एका उतारूने हुज्जत घालून पुढे पाठविण्यास लावली होती, तो स्वतः विमानात चढलाच नाही, आणि पेटी मात्र गेली. टोरांटोला सामानाची तपासणी करणारे क्ष-किरण यंत्र त्या दिवशी बंद पडले होते. या सर्व घटनाक्रमात कोठेही अलौकिक कारस्थानकौशल्य नाही. धनी एकीकडे आणि पेटी दुसरीकडे, ही रुजवात एखाद्या सामान्य कारकुनाने केली असती आणि त्याच्या वरिष्ठाने त्याची पाठराखण केली असती, तर ते विमान मुंबईस उतरले असते. आज आसनावर नसलेल्या प्रवाशाचे सामान विमानातून खाली उतरवितात, उड्डाणास विलंब होतो, लोक कुरकुरतात. त्या विलंबाची किंमत ३२९ माणसांनी आधीच भरून ठेवली आहे.

तुमचे खाते तरी असेच घडत गेले. १० सप्टेंबर १९७६ रोजी इंडियन एअरलाइन्सचे विमान पळविले गेले, त्यानंतर नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८मध्ये नागरी विमान सुरक्षेचा विभाग निघाला, ‘कनिष्क’नंतर, १ एप्रिल १९८७ रोजी, त्याचे स्वतंत्र खाते झाले, आणि डिसेंबर १९९९मध्ये काठमांडूहून निघालेले विमान कंदाहारला नेले गेल्यावर, फेब्रुवारी २०००मध्ये जयपूरपासून विमानतळांचा पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे येऊ लागला. मलेशियाच्या त्या विमानाचे कारण सापडले नाही, तरी त्यानंतरही नियम बदललेच: प्रवासी विमानाचे स्थान निदान दर १५ मिनिटांनी नोंदले जावे असा आंतरराष्ट्रीय दंडक २०१८पासून आला, आणि समुद्राच्या तळाशी गेलेल्या नोंदपेटीचा ध्वनिसंकेत ३० दिवसांऐवजी ९० दिवस चालावा असे ठरले. तुझे सोबती म्हणतात की उत्तर मिळाले नाही, म्हणून सारे व्यर्थ. मी म्हणतो की, जेथे उत्तर मिळाले नाही तेथेही चौकशीने पुढल्या विमानासाठी काही ठेवले. एवढ्या वर्षांच्या तर्ककुतर्कांनी मात्र मृतांच्या आप्तांना रोज नवी आशा आणि नवी यातना यांखेरीज काही दिले नाही.

आणि उत्तर कधीकधी फार उशिराही येते. जुलै २०१६मध्ये चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला निघालेले आपल्या वायुसेनेचे एक विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले होते. त्याचे अवशेष जानेवारी २०२४मध्ये सुमारे ३,४०० मीटर खोल तळावर ओळखू आले. इतकी वर्षे ‘माहीत नाही’ असे म्हणत राहण्यास जे धैर्य लागते, ते मोठ्या आवाजात खात्री सांगण्यास लागत नाही.

तेव्हा माधव, तुझे काम क्षुद्र आहे असे मनात आणू नकोस. जे विमान सुखरूप उतरते त्याची वार्ता होत नाही, आणि ते का सुखरूप उतरले याचे श्रेय कोणी कोणास देत नाही. सुरक्षेच्या नोकरीचा हा स्वभावच आहे. समोर येणाऱ्या प्रत्येकाची तपासणी सारखीच कसून कर, मग तो रेशमी पोशाखातला असो वा धोतरातला, आणि त्याचे नाव, भाषा वा दाढी पाहून मनात निकाल लिहू नकोस. ओळखीच्या माणसाला ओळखीपोटी सोडू नकोस. यंत्र बंद असेल तर बंद आहे असे वहीत लिही आणि वरिष्ठाची सही घे. आणि विसाव्याच्या वेळी कोणी त्या गहाळ विमानाची नवी हकीकत सांगू लागला, तर त्यास एवढेच विचार की, हे कोणत्या अहवालात लिहिले आहे? उत्तर न आल्यास वाद न घालता झोप घे. पहाटेच्या पाळीत डोळे उघडे राहणे हे तुझे कर्तव्य आहे, आणि त्या विमानाचे रहस्य उकलणे हे नव्हे.

कळावे. प्रकृतीस जपावे. आशीर्वाद.

तुझा,
काका