उजव्या हाताला नदी

लाखनीच्या माणसाला लहानपणापासून दोनच दिशा माहीत असतात. एक भंडारा-नागपूरची, दुसरी साकोली-रायपूरची. गाव हायवेला चिकटलेलं. पूर्वी तो सहा नंबरचा, सुरतेहून कलकत्त्याला जाणारा. २०१० साली नंबर बदलले आणि तो हाजिरा ते पारादीप असा त्रेपन्न नंबर झाला, पण आमच्या तोंडात अजून सहाच येतो. आता गावावरून उड्डाणपूल गेलाय. खाली माझं मोटर वाइंडिंगचं दुकान. पन्नाशी उलटेपर्यंत मी जळक्या मोटारींची तार उलगडत दुसऱ्यांना लांब जाताना बघत बसलो होतो.

तिसरी दिशा सुचली ती नदीमुळे. आमच्या पालांदूरकडची चुलबंद वैनगंगेला मिळते. वैनगंगा पुढे वर्धेला मिळते आणि तिचं नाव प्राणहिता होतं. प्राणहिता सिरोंच्याला गोदावरीत जाते. हे सातवीच्या भूगोलात पाठ केलेलं. डोळ्यांनी कोणी बघितलेलं आमच्या घरात नव्हतं. आणि साकोलीपासून थेट सिरोंच्यापर्यंत ३५३-सी नावाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. म्हणजे घरापासून सतरा किलोमीटरवर रस्ता सुरू होतो आणि आपलं पाणी जिथे संपतं तिथपर्यंत तोही पोचतो. एवढं जुळून आल्यावर जायचं नाही म्हणजे काय!

साळ्याचं मत वेगळं होतं. तो साकोलीला टेम्पो चालवतो, त्यामुळे गाडीतलं त्याला जास्त कळतं आणि ते तो जाणवूही देतो. "भाऊजी, जायाचंच हाय तं चित्रकोटले चला ना. देवरीच्या पुढं बॉर्डर टपली का पेट्रोल चार-पाच रुपयानं सस्तं. रस्ता लोण्यावानी." त्याचं चूक नव्हतं. प्रत्येक राज्याचा कर वेगळा, म्हणून भावही वेगळा. पण राजनांदगाव, धमतरी, केशकालचा घाट करत जगदलपूरच्या पुढे चित्रकोटच्या धबधब्याला जायचं म्हणजे एकीकडचेच पाचशेच्या आसपास किलोमीटर. लिटरमागे पाच रुपये वाचवायला तीनशे किलोमीटर जास्त चालायचं, हा हिशोब मला काही पटेना. शिवाय तो धबधबा इंद्रावतीवरचा, म्हणजे त्यांच्या नदीवरचा. आम्हाला आमची बघायची होती.

ठरलं डिसेंबरमध्ये, निघालो मार्चमध्ये. कारण आमच्याकडे कॅलेंडर धानाचं असतं. धान आधारभूत केंद्रावर जातो, मग चुकारे निघायची वाट बघायची. शेतकऱ्याचे चुकारे निघाले की माझी उधारी निघते. माझी उधारी निघेपर्यंत मी पेट्रोलचा हिशोब कागदावर सात वेळा केला.

गाडी जुनी ऑल्टो ८००, टाकी पस्तीस लिटरची. कंपनी बाविसाचं ॲव्हरेज सांगते, त्यावर कोणी विश्वास ठेवू नये. मी फुल टू फुल करून बघितलं. पंपावर टाकी भरायची, नोझल खट्‌ करून आपोआप थांबलं की तिथेच थांबायचं, "अजून थोडं बसते" म्हणणाऱ्या पोऱ्याचं ऐकायचं नाही. मीटर लिहून घ्यायचं. नागपूरला जाऊन यायचं आणि त्याच पंपावर पुन्हा तसंच भरायचं. वीस भरलं. मी शहाणपणा करून अठरा धरलं. जाऊन-येऊन सहाशे ऐंशी, सिरोंच्याच्या आसपासचं फिरणं, मार्कंड्याचा फाटा असं सगळं मिळून आठशे चाळीस किलोमीटर. भागिले अठरा, पावणेसत्तेचाळीस लिटर. लिटरचा भाव एकशे पाचच्या आसपास. म्हणजे चार हजार नऊशे.

बायको बचत गटाची सचिव आहे. गटाचं रजिस्टर तीच लिहिते, त्यामुळे आमच्या घरात माझ्या आकड्यांना आपोआप मान्यता मिळत नाही. तिने पेट्रोलच्या खाली आणखी एक रकाना आखला आणि वर लिहिलं, 'गळती'. त्यात हजार रुपये.

"गळती कायची? टाकी का फुटली हाय?"

"तुमीच सांगता ना शेतकऱ्याले, का इंजिन नुसतं घुरघुरत उभं रायलं तरी डिझेल पेते?"

आता यावर काय बोलणार! माझ्या दुकानात येणारा माणूस इंजिनाचा खर्च तासावर मोजतो, किलोमीटरवर नाही. पाणी उपसणाऱ्या इंजिनाला किलोमीटर कुठले? मी स्वतः तीस वर्षं तासाचा हिशोब शिकवत आलो आणि गाडीत बसायची वेळ आली तेव्हा नेमका तोच विसरलो.

एका गोष्टीवर मात्र आमचं वाजलं. तिला हेमलकसा बघायचं होतं. बाबा आमट्यांनी १९७३ साली सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प, तिथलं प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांचं काम, याबद्दल तिने गटातल्या बायांना वाचून दाखवलेलं. आलापल्लीपासून एकीकडचे साठ किलोमीटर. म्हणजे सात लिटर आणि एक मुक्काम. सिरोंच्यापुढे सोमनूरच्या संगमावर जायचं तर हेमलकसा बसत नव्हतं. मी ते खोडलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, रजिस्टर मिटलं.

पाच लिटरची कॅन सोबत घ्यायचा माझा विचार साळ्याने मोडून काढला. बंद गाडीत प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल म्हणजे बॉम्ब, आणि तिकडचे पंपवाले बाटलीत-कॅनमध्ये देतही नाहीत. त्याऐवजी नियम केला. अर्ध्याच्या खाली काटा येऊ द्यायचा नाही. गडचिरोली, आलापल्ली, सिरोंचा, जिथे पंप दिसेल तिथे उतरायचं. त्या रस्त्यावर पैसे किती लागतील यापेक्षा पुढचा पंप किती लांब आहे, हे आधी विचारावं लागतं.

१ मार्च, शनिवार. आम्ही तिघं पहाटे पाचला निघालो. साकोलीला उजवीकडे वळलो आणि पहिल्यांदाच ट्रकांचा आवाज मागे पडला. लाखांदूर, वडसा, आरमोरी. धानाच्या बांध्या कापून मोकळ्या, मधेच उन्हाळी धानाची हिरवी चौकट. पळस असा फुलला होता की साळ्याने चालवता चालवता दोनदा "वा" म्हटलं, एरवी तो रस्त्यावरच्या खड्ड्यालाच बोलतो. गंमत अशी की हा सगळा रस्ता वैनगंगेच्या डाव्या तीराने जातो. नदी सतत उजव्या हाताला असते आणि दिसत नाही. वाटेत पूल येतात ते तिला मिळायला निघालेल्या गाढवी, खोब्रागडी, कठाणी यांचे. सव्वाशे किलोमीटरवर गडचिरोली. साडेसहा लिटर बसलं. एकोणीसचं ॲव्हरेज! मी मागे वळून बायकोकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

नदी पहिल्यांदा दिसली मार्कंड्याला. चामोर्शीच्या अलीकडे-पलीकडे फिरणारी ही नदी दक्षिणेला जाता जाता तिथे वळसा घेऊन उत्तरेला वाहते, म्हणून ते तीर्थ. महाशिवरात्र होऊन तीनच दिवस झालेले, जत्रेतली दुकानं अजून उठली नव्हती. कोरीव देवळांपुढे खेळण्यातले ट्रॅक्टर विकायला मांडलेले. बायकोने घाटावर पाय बुडवले आणि म्हणाली, "हे पानी तं आपल्याकडून आलं." मी म्हटलं, वैनगंगेवर गोसेखुर्दचं धरण आहे, सगळंच आलं असेल असं नाही. हे बोलायची काही गरज नव्हती.

आष्टीच्या पुढे खेळ बदलला. सुरजागडकडून लोहखनिज घेऊन येणारे ट्रक, लाल धूळ, एका बाजूने खणलेला रस्ता. आलापल्लीला टाकी भरली. इथलं सागवान नावाजलेलं. याच जंगलात सहा हेक्टरचा एक तुकडा कुऱ्हाड न लावता राखलाय आणि २०१४ साली तो राज्यातला पहिला जैवविविधता वारसा ठरला. आम्हाला मात्र सागापेक्षा गिट्टीच जास्त दिसली. आलापल्ली ते सिरोंचा शंभर किलोमीटर, चार तास. पहिला गिअर, दुसरा गिअर, थांबा, समोरचा ट्रक जाऊ द्या. घुरघुर, घुरघुर. सिरोंच्याला पंपावर नोझल खट्‌ झालं तेव्हा मीटर आठ पूर्णांक एकवर होतं. बाराचं ॲव्हरेज. या खेपेला बायकोने माझ्याकडे बघितलं.

त्या शंभर किलोमीटरमध्ये एका टपरीवर चहाला थांबलो तर शेजारी एक पिकअप उभी होती. मागे पंधरा-वीस बाया, गाठोडी, गंजं, चुलीची लाकडं, दोन लेकरं. बायकोने विचारलं, "कोठी चाललात बाई?"

"मिर्ची तोडाले. तेलंगण्यात."

ब्रह्मपुरीकडच्या होत्या. आमच्याही जिल्ह्यातून या दिवसांत अशाच गाड्या जातात, फक्त मी त्या उड्डाणपुलाखालून कधी बघितल्या नव्हत्या. गाडीभाडं माणशी किती, ते मजुरीतून कसं कापतात, परतीला पोतंभर मिरची आणली तर तिचं भाडं वेगळं का, हे सगळं त्यातल्या एका म्हातारीने न अडखळता सांगितलं. लिटर, ॲव्हरेज काही नाही, थेट दिवसांच्या मजुरीत. बायकोने गटाच्या सवयीने आकडे मनात टाकले असणार. बराच वेळ ती गप्प होती.

सिरोंचा मला आवडलं. निम्मं गाव तेलुगू बोलतं, जेवायला भाताचा डोंगर येतो, आणि भातखाऊ आम्हीही असल्याने त्यात काही परकं वाटत नाही. हे गाव एकेकाळी इंग्रजांच्या अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठाणं होतं. वऱ्हाडातला कापूस याच नद्यांतून बोटींनी समुद्राला न्यायची त्यांची योजना होती. वाटेतल्या खडकांनी दाद दिली नाही, खर्च फुगत गेला आणि १८७१ साली त्यांनी ती सोडून दिली. हे ऐकल्यावर माझा बाराचा आकडा मला जरा सुसह्य झाला.

संध्याकाळी पुलावरून पलीकडे कालेश्वरमला गेलो. साळ्याला मी आधीच बजावलं होतं, तेलंगणात पेट्रोल आपल्यापेक्षाही महाग, तिकडे नोझलला हात लावायचा नाही. संगमावर प्राणहिता आणि गोदावरी. कुठलं पाणी कुठलं, ते काही कळत नाही. नाशिककडून आलेली गोदावरी आणि आमच्याकडून आलेली ही, दोन्ही थकलेल्या, रुंद. मी म्हटलं होतं की इथे पोचल्यावर काहीतरी वाटेल. खरं सांगायचं तर पहिल्यांदा भूक लागल्याचं जाणवलं. मग सूर्य वाळूवर उतरला आणि आम्ही तिघंही भूक विसरून बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सोमनूर. आसरअल्लीच्या पुढे रस्ता बारीक होत जातो आणि शेवटी खडक, वाळू, पाणी. इथे इंद्रावती गोदावरीला मिळते. समोर तेलंगण, डावीकडे छत्तीसगड. साळा खडकावर उभा राहून बराच वेळ बघत होता.

"इंद्रावती म्हंजे चित्रकोटचीच ना?"

"तेच पानी."

"मंग चित्रकोट झालंच," म्हणून त्याने तोंड धुतलं आणि गाडीकडे निघाला.

परतीचा रस्ता तोच होता, धूळही तीच. लाखनीला त्याच पंपावर, त्याच नोझलने टाकी भरली आणि रात्री रजिस्टर उघडलं. एकूण आठशे पन्नास किलोमीटर. साडेचोपन्न लिटर. ॲव्हरेज पंधरा पूर्णांक सहा. खर्च पाच हजार सातशे बावीस. माझ्या अंदाजापेक्षा आठशे बावीस जास्त. बायकोने ते शांतपणे 'गळती'त वळवलं, रेघ मारली आणि खाली लिहिलं: शिल्लक १७८, हेमलकसाच्या नावे.

एकशे अठ्ठ्याहत्तर रुपयांत पावणेदोन लिटर पेट्रोल येतं. उरलेल्या सव्वापाच लिटरचं पुढच्या चुकाऱ्यांवर ढकललंय.