एक ओहमचा भार

भजनी मंडळाला अ‍ॅम्प्लिफायर करून दिला तेव्हा एकच अट घातली होती: चार ओहमच्या खाली जायचं नाही. डब्याच्या मागे मार्करने तसं ठळक लिहिलंही होतं. आत टीडीए २०३० ही आयसी, पुण्यात तापकीर गल्लीतून आणलेला १२-०-१२ चा ट्रान्स्फॉर्मर, दोन मोठे कपॅसिटर आणि तळहाताएवढा हीट सिंक. एवढाच संसार. या आयसीकडून चार ओहमवर १२ वॉट मिळतात, आठ ओहमवर ८. आकडे छोटे वाटतात, पण देवळाच्या सभामंडपाला ते पुष्कळ आहेत. भजनकऱ्यांचे गळे मुळातच खणखणीत. माइक हवा होता तो निरूपण करणाऱ्या मावशींसाठी.

सप्ताह सुरू व्हायच्या बेतात असताना निरोप आला, ‘ताई, तुमचं मशीन दमतंय.’ हळू आवाजात सगळं ठीक, पण गजर चढला की आवाज फाटायचा आणि मग बंदच. थोड्या वेळाने आपोआप सुरू. गेले, तर हीट सिंकवर बोट टेकवेना. वर पाहिलं. चार खांबांवर चार स्पीकर, प्रत्येक चार ओहमचा, आणि चारही पॅरलल जोडलेले. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या वाट्याला आला एक ओहम.

वायरमनला बोलावलं. तो ठाम होता. ‘घरात ट्यूबलाइट अशाच जोडतो ना आपण? प्रत्येकीला पूर्ण व्होल्टेज मिळतं.’ त्याचं म्हणणं खरंच होतं; फक्त घरातल्या ट्यूबलाइटच्या मागे अख्खं वीज मंडळ उभं असतं, इथे मागे एक नखाएवढी चिप. बारा व्होल्टचा झोका एक ओहमवर घातला की बारा अँपिअर लागतात. या चिपची झेप साडेतीनची. त्यापुढे ती स्वतःच करंट रोखते, म्हणून आवाज फाटतो, आणि फार तापली की बंद पडते. तेव्हा दमणं कसलं, ती जीव वाचवत होती.

मी तारा सोडवायला घेणार तोच वायरमनने तोडगा काढला. त्याने सिमेंटचा पांढरा, ३.३ ओहमचा, दहा वॉटचा रेझिस्टर मधे घातला. ‘झाले ना चारच्या वर?’ हिशोबाने झाले. तिथे बसलेल्या काकांनीही मान डोलावली. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त. सहाशे ओहमच्या लाइनला सहाशे ओहमचाच शेवट द्यायचा, यात त्यांची नोकरी गेलेली. ‘अगं, मॅचिंग तर हवंच,’ ते म्हणाले. ‘आमच्या व्हॉल्व्हच्या रेडिओत काय वेगळं होतं?’

व्हॉल्व्हच्या बाबतीत काका बरोबरच होते. ईएल८४ ला साधारण ५२०० ओहमचा भार लागतो. त्याला आठ ओहमचा स्पीकर थेट जोडला तर जेमतेम कुजबुज ऐकू येईल. म्हणून मधे आउटपुट ट्रान्स्फॉर्मर असायचा. त्याच्या वेढ्यांच्या गुणोत्तराचा वर्ग करायचा, की ओहम जुळतात. साधारण पंचवीसास एक वेढे असले की आठ ओहम पाच हजार दिसू लागतात. पण आयसीच्या अ‍ॅम्प्लिफायरला जुळवाजुळव नकोच असते. फीडबॅकमुळे त्याचा स्वतःचा अंतर्गत रोध एक ओहमच्या अगदी छोट्या अंशाइतका उतरलेला असतो. त्याच्याशी ‘मॅच’ करायला जाणं म्हणजे जवळजवळ शॉर्ट करणंच. भार त्याच्या झेपेपेक्षा जड नसावा, एवढंच त्याचं मागणं.

हे बोलून काकांना पटेना, म्हणून म्हटलं, आधी रेझिस्टर ठेवूनच ऐकू. तबलजींनी ठेका धरला. चाट स्वच्छ आली, पण डग्ग्यावर हात पडला की खांब घुमल्यासारखा ‘भुंम्’ आवाज लांबत राही. मावशी म्हणाल्या, ‘हा तबला सर्दी झाल्यासारखा का वाजतोय?’

त्याचं कारण मोजूनच दाखवलं. एक स्पीकर खाली काढला. मल्टिमीटरवर नुसत्या कॉइलचा रोध साडेतीन ओहमच्या आसपास. मग मोबाइलमधून सूर सोडला, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरच्या मधे दहा ओहमचा रेझिस्टर घातला, आणि दोघांवरचं एसी व्होल्टेज आलटून पालटून मोजलं. सूर खाली नेत नेत शंभर हर्ट्झच्या जवळ आले तसं स्पीकरवरचं व्होल्टेज भराभर चढलं. हिशोब केला तर वीसच्या वर ओहम! तिथे शंकूचा स्वतःचा झोका असतो. मागे लिहिलेला ‘४’ हा नावापुरता. वायरमनचा रेझिस्टर मधे असला की बाकीच्या सुरांना एक चतुर्थांशाहून कमी व्होल्टेज मिळतं आणि डग्ग्याच्या पट्टीला अर्ध्याहून जास्त. शिवाय शंकू थोपवून धरण्याची अ‍ॅम्प्लिफायरची पकडही सुटते. आणि शक्तीतले चारातले तीन वाटे त्या पांढऱ्या सिमेंटला तापवायला जातात, ते वेगळंच. काकांनी मीटर हातात घेऊन पुन्हा स्वतः मोजलं. खात्यातली सवय.

मग जोडणी बदलली. दोन स्पीकर सिरीजमध्ये, म्हणजे आठ. अशा दोन जोड्या पॅरलल, म्हणजे पुन्हा चार. चारही एकाच जातीचे होते म्हणून हे जमलं. वेगवेगळे असते तर सिरीजमध्ये एकाने जास्त खाल्लं असतं आणि दुसरा उपाशी राहिला असता. आधी प्रत्येकाला पेन्सिल सेल क्षणभर टेकवून बघितला. शंकू बाहेर उडी मारतो तेव्हा सेलची घुंडी ज्या टोकावर असते, तिथे लाल ठिपका. एकावरची छापील खूणच उलटी निघाली.

संध्याकाळी गजर पूर्ण चढला तरी हीट सिंकवर हात ठेवता येत होता. मावशींनी डग्ग्याबद्दल काही म्हटलं नाही. त्यांना आता पाचवा स्पीकर चपला काढतात तिथे हवा होता. त्याला वेगळा डबा लागेल, म्हटलं. वायरमननेच वहीत लिहून घेतलं: १२-०-१२, तीन अँपिअर.